तापीबाईने न वाचवलेले मासे

एका जंगलात एक सिंह होता आणि त्याला राग फार यायचा, इथवर तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं असेल, मुलांनो. त्या सिंहाच्या गुहेत माशांच्या दोन काचेच्या टाक्या होत्या, हे मात्र तुम्हाला कुणी सांगितलं नसणार. मोठी माणसं गोष्ट सांगताना महत्त्वाचं तेच नेमकं गाळतात.

मोठ्या टाकीत बारा मासे होते आणि लहान टाकीतही बारा. मोठी टाकी दरबारात, महाराजांच्या नजरेसमोर. लहान टाकी मागच्या बोळात, जिथे राणीसाहेब दुपारच्या पाय पसरून पडत.

सिंहाच्या गुहेत मासे कशाला, असं मध्येच विचारू नका. सांगतोच आहे. महाराजांचा रक्तदाब चढला होता. सकाळी एक डरकाळी, दुपारी दोन, आणि संध्याकाळच्या मोजायला कुणी जवळ थांबतच नसे. तेव्हा अस्वलवैद्यांनी सांगितलं, "रोज अर्धा तास मासे बघत बसा." महाराज बसू लागले. डरकाळ्या कमी झाल्या. हरणं पुन्हा न घाबरता पाण्यावर येऊ लागली, आणि महाराजांना जेवणही वेळेवर मिळू लागलं. एकंदरीत सगळ्यांचं भलं झालं. हरणांचं जरा कमी झालं, पण ती गोष्ट वेगळी.

या माशांचं सगळं तापीबाई बघायची. तापीबाई म्हणजे पाणकोंबडी. अंगाने काळीसावळी, कपाळावर लाल टिळा, पाय लांबलचक आणि हिरवट. जन्म पाणकणसांत गेलेला. पाण्याचा नुसता वास घेऊन ते आजारी आहे की बरं आहे, हे तिला कळायचं. शाळेत ती गेली नव्हती, त्यामुळे तिला जे यायचं ते खरंच यायचं.

तिची एक खोड होती. चालताना तिची मान पुढेमागे हलायची. सगळ्याच पाणकोंबड्यांची हलते, त्यात तिचा काही इलाज नव्हता. काळजीत असली की ती येरझारा घालायची, आणि येरझारा घातल्या की मान जास्तच हलायची.

मोठ्या टाकीत एक म्हातारा सोनमासा होता. त्याला एकच डोळा. बाकी कुणाला तापीबाईने नाव दिलं नव्हतं, याला ती काणोबा म्हणायची. खाणं टाकताना ती आधी चिमूटभर त्याच्या धड डोळ्याच्या बाजूला टाकायची, नाहीतर बाकीचे ते त्याच्या आधी फस्त करत. काणोबाचा तिच्यावर जीव होता की नाही, ते काणोबाला ठाऊक. तिचा मात्र त्याच्यावर होता.

आता काय झालं, एके दिवशी महाराजांना गुहा लहान पडायला लागली. खरं म्हणजे गुहा होती तेवढीच होती. शेजारच्या जंगलातल्या वाघाने टेकडीवर नवी गुहा घेतली होती, एवढंच झालं होतं. मग आपल्या महाराजांनीही दुसऱ्या टेकडीवर त्याहून मोठी गुहा बघितली. तिच्या दारातच धबधबा होता. सामान हलायला लागलं. हाडं हलली, कातडी हलली, राणीसाहेबांचा आरसा हलला. उरले मासे.

त्यासाठी मत्स्य स्थलांतर समिती नेमण्यात आली. अध्यक्ष झाले नीळकंठराव मोर. नीळकंठराव जन्मात कधी पाण्यात उतरले नव्हते. पावसात मात्र नाचले होते, म्हणून पाणी हा त्यांचाच विषय असं सगळे धरून चालत. इतिवृत्त लिहायला मुंगूस होता. त्याला सगळं जंगल भाऊसाहेब म्हणायचं. आणखी नऊ सदस्य होते, पण ते चहापुरते होते.

तापीबाईला विशेष निमंत्रित म्हणून बोलावलं होतं. म्हणजे यायला सांगितलं होतं, बसायला सांगितलं नव्हतं.

"बोला तापीबाई," नीळकंठराव म्हणाले. "आपला अनुभव थोडक्यात मांडा. दोन मिनिटं."

तापीबाईने पदर सारखा केला. म्हणजे पंख सारखे केले. "साहेब, मासा न्यायचा म्हंजे त्येचं पानी न्यायचं असतंय," ती म्हणाली. "नवी टाकी धा दिस आदी भरून ठिवा, पानी बसू द्या. जुनं निम्मं पानी संगं घ्या. आनि त्यो टाकीतला काळा स्पंज हाय न्हवं, त्यो अजाबात धुवू नका. वल्लाच न्या."

सदस्यांनी चहाचे कप खाली ठेवले.

"जुनं पाणी?" नीळकंठराव म्हणाले. "नव्या वास्तूत? अहो, नव्या घरात आपण जुनी केरसुणीसुद्धा नेत नाही."

"पर त्या स्पंजात बारकं बारकं जीव ऱ्हात्यात, साहेब. डोळ्याला दिसत न्हाईत. माशांची घान त्येच खात्यात. त्ये गेलं की पानी इखारी हुतं."

"डोळ्यांना न दिसणारे जीव? महाराजांच्या गुहेत? नोंदणीशिवाय?" नीळकंठरावांनी मान वळवली. "भाऊसाहेब, हे गंभीर आहे. लिहून घ्या."

भाऊसाहेबांनी लिहून घेतलं.

तापीबाई पुढे म्हणाली, "निघायच्या आदी दोन दिस मासं उपाशी ठिवा. भरल्या पोटी नेलं तर वाटंतच पानी घान करत्यात. आनि तितं गेल्यावर घाई करू नका. माशांची पिशवी नव्या पान्यात तशीच बांदून तरंगू द्या. मग सोडा आनि वाटी वाटी नवं पानी आत घाला. मासा हळूहळू सरावतो. एकदम टाकला तर दगावतो."

"उपाशी?" एक सदस्य पहिल्यांदाच बोलला. तो ससा होता आणि खाण्याचा विषय निघाल्यामुळे जागा झाला होता. "प्रवासाला निघालेल्याला उपाशी पाठवायचं?"

"आपल्या जंगलात ही पद्धत नाही," नीळकंठराव म्हणाले. "आपण निघताना हातावर दही देतो."

"माशाला हात कुटं हाय, साहेब?"

"म्हणून पाण्यात घालू."

तापीबाई काळजीत पडली. ती येरझारा घालू लागली. तिकडे भाऊसाहेब एकेक ठराव वाचू लागले. निघण्यापूर्वी माशांना पोटभर जेवण आणि दही द्यावं. जुन्या टाकीतलं पाणी ओतून द्यावं आणि नव्या गुहेत फक्त धबधब्याचं ताजं, थंडगार पाणी भरावं. जुने गोटे, रोपं आणि स्पंज रिठ्याने खसाखसा धुऊन घ्यावेत. मासे उघड्या काचेच्या वाडग्यातून वाजतगाजत न्यावेत, म्हणजे प्रजेला दर्शन होईल. जलपूजनाशिवाय एकही मासा टाकीत सोडू नये.

प्रत्येक ठरावाला तापीबाईचे पाय भराभर पडत होते आणि मान भराभर हलत होती. भाऊसाहेब मान वर करून बघत आणि ठरावाखाली लिहीत, 'विशेष निमंत्रित तापीबाई यांनी मान हलवून संमती दर्शवली.'

बैठक संपल्यावर तिला हे कळलं.

"भाऊसाहेब, म्या कवा हो म्हनले?"

"मान हलवलीत ना?"

"माजी मान हलतीच."

"मग तुम्ही सगळ्यालाच अनुकूल आहात," भाऊसाहेब म्हणाले. "चांगला स्वभाव आहे. असाच ठेवा."

तापीबाई नीळकंठरावांच्या मागे धावली. ते पिसारा झटकत उभे होते. म्हातारीला बघून त्यांना जरा दया आली, कारण ते काही वाईट नव्हते. वाईट असते तर गोष्ट सोपी झाली असती, मुलांनो.

"हे बघा," ते म्हणाले, "लहान टाकी कार्यक्रमात नाही. बोळातली टाकी बघायला कोण येतंय? ती तुम्ही तुमच्या पद्धतीने न्या. माझी ना नाही."

"मग साहेब, येवढा एक काणोबा माज्या टाकीत घालू द्या. म्हातारा हाय त्यो."

"पत्रिकेत बारा मासे छापून गेलेत. बाराच दिसले पाहिजेत." त्यांनी थोडा विचार केला. "असं करा. तो काढा, पण त्याच्या बदली तुमच्या टाकीतला एक द्या. मला चालेल."

तापीबाई तिथून थेट बोळात गेली. लहान टाकीसमोर बसली. एक मासा द्यायचा होता. तिने त्या लंगड्या परांच्या माशाकडे बघितलं, मग पोटुशा काळ्या मासोळीकडे, मग त्या दोन चिमुकल्यांकडे, जे सगळीकडे जोडीने हिंडायचे. कुणाला सांगायचं, तू जा म्हणून? सगळी दुपार ती तशीच बसून राहिली. चोच उघडायची, मिटायची. शेवटी ती उठली आणि मोठ्या टाकीपाशी गेली. "काणोबा, मला जमना रं," ती म्हणाली. काणोबा काचेपाशी आला, कारण त्याला वाटलं खाणं आलं.

मग तिने आपल्या टाकीचं काम हातात घेतलं. ते सांगायला फार मजा नाही, तरी ऐका.

सामान हलत होतं त्या धांदलीतच तिने नव्या गुहेच्या बोळात रिकामी टाकी मांडून घेतली आणि ओढ्याचं पाणी भरून ठेवलं. रोज जाऊन ती त्या पाण्याचा वास घ्यायची. दोन दिवस माशांना उपाशी ठेवलं. राणीसाहेब म्हणाल्या, "काय गं, किती केविलवाणे बघतात." तापीबाई म्हणाली, "बघू द्या, जगत्याल." निघायच्या दिवशी तिने प्लॅस्टिकच्या पिशव्या घेतल्या. जंगलात त्या कुठून आल्या म्हणता? सहलीला येणारी माणसं टाकून जातात ना, त्याच. तिने त्या चारचारदा विसळल्या. प्रत्येक पिशवीत थोडं जुनं पाणी, दोन किंवा तीन मासे, आणि वर भरपूर हवा. तोंडं घट्ट बांधली. वरून ओली पळसाची पानं गुंडाळली, म्हणजे आत अंधार होतो आणि मासा बावरत नाही. काळा स्पंज न धुता केळीच्या पानात बांधला, टाकीतलं निम्मं जुनं पाणी घागरीत घेतलं. ऊन चढायच्या आत सावलीसावलीने ती टेकडीवर पोचली.

तिथे तिने जुनं पाणी आणि स्पंज टाकीत घातले, पिशव्या तशाच तरंगत ठेवल्या आणि आपण शेजारी बसून राहिली. मग एकेक पिशवी सोडली. शिंपल्याने एक शिंपलाभर नवं पाणी आत घातलं आणि थांबली. पुन्हा एक शिंपला, पुन्हा थांबली. असं अर्धी सकाळ चाललं. शेवटी एकेक मासा अलगद उचलून टाकीत सोडला आणि पिशवीतलं पाणी बाहेर फेकून दिलं. टाकीवर पानं झाकली. त्या दिवशी खायला काही घातलं नाही.

संध्याकाळी तिने पान उचलून बघितलं. बाराच्या बारा मासे पोहत होते. काही म्हणजे काही झालं नव्हतं.

त्याच दुपारी मोठी मिरवणूक निघाली. सकाळी माशांना पंगत झाली होती, दही झालं होतं. वाडगा झेंडूने सजवून हत्तीच्या पाठीवर ठेवला. हत्ती हे जनावर मोठं गुणी, पण चालताना डुलतं. वाडगाही डुलला. निम्मं पाणी वाटेत सांडलं. रानडुकरं ढोल बडवत होती आणि प्रत्येक ढोलासरशी मासे काचेवर आपटत होते. वळणावळणावर औक्षण झालं. ऊन मी म्हणत होतं. प्रजेने दर्शन घेतलं आणि मासे किती चपळ आहेत म्हणून कौतुक केलं.

तापीबाई गर्दीच्या कडेने हत्तीबरोबर धावत होती. "सावली धरा! निदान सावली तरी धरा!" ती ओरडत होती. ढोलापुढे तिचं कोण ऐकणार? तिची मान मात्र हलत होती, त्यामुळे ती ठेक्यावर नाचतेय असं लोकांना वाटलं.

नव्या गुहेत महाराज यायचे होते. ते येईपर्यंत भाषणं झाली. नीळकंठराव पाण्याचं महत्त्व या विषयावर पाऊण तास बोलले. वाडगा उन्हात होता. मग महाराज आले, नारळ फुटला, जलपूजन झालं. टाकीत हळद पडली, कुंकू पडलं, अक्षता पडल्या, दूर्वा पडल्या, आणि सगळ्यात शेवटी पंचामृत पडलं. आत धबधब्याचं पाणी होतं, बर्फासारखं. गोटे रिठ्याने धुतलेले, चकचकीत.

"सोडा!" महाराज म्हणाले.

वाडगा वरून उपडा केला. टाळ्या झाल्या. मासे सरळ तळाला गेले आणि तिथेच राहिले.

"बघा," नीळकंठराव हळव्या आवाजात म्हणाले, "किती शांत वाटतंय त्यांना इथे."

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज आपल्या अर्ध्या तासाला येऊन बसले. पाच मासे तळाशी होते. सात वर होते, पोट वर करून. महाराजांनी जी डरकाळी फोडली, ती शेजारच्या वाघानेही ऐकली.

भाऊसाहेब धापा टाकत बोळात आले. "तापीबाई, चला लवकर! साहेबांनी बोलावलंय!"

तापीबाईला कारण विचारावं लागलं नाही. समितीने ओतून द्यायला सांगितलेलं मोठ्या टाकीचं जुनं पाणी तिने ओतून दिलंच नव्हतं. तीन घागरी भरून बोळात लपवलं होतं. त्या तिने ओढत नेल्या. जे पाच हलत होते त्यांना हलक्या पायांनी काढून जुन्या पाण्यात ठेवलं. टाकी रिकामी केली, गोटे दहादा धुतले, बोळातल्या काळ्या स्पंजाचा एक तुकडा तोडून आणून घातला. दुपारपर्यंत ती एका जागी बसली नाही. नीळकंठराव पूर्ण वेळ शेजारी पिसारा फुलवून उभे होते आणि "मागे व्हा, हवा येऊ द्या" म्हणून गर्दीला सांगत होते. तेही एक काम होतंच. दुपारी त्या पाचांचे कल्ले नीट चालू लागले.

त्या पाचांत काणोबा नव्हता.

तापीबाईने त्याला ओंजळीएवढ्या पानात घेतलं आणि ओढ्याकाठी नेऊन पाणकणसांखाली पुरलं. ती खूप रडली. पाणकोंबडी रडते का, असं विचारू नका. ही रडली. आपण बदली मासा दिला असता तर हा वाचला असता, असं तिला वाटलं. मग तो दुसरा मेला असता, हेही वाटलं. दोन्ही विचारांनी तिला तितकंच रडू आलं.

चौकशी झाली. अहवाल आला. भाऊसाहेबांचं अक्षर सुंदर होतं. 'सात मासे प्रवासाची दगदग, वृद्धापकाळ आणि नव्या वास्तूशी जुळवून घेण्याची अनिच्छा यांमुळे मरण पावले. समितीचे अध्यक्ष नीळकंठराव यांनी प्रसंगावधान राखून पाच मासे वाचवले. तापीबाई यांना जुने पाणी विनापरवाना साठवल्याबद्दल समज देण्यात आली.'

मग नीळकंठरावांचा सत्कार झाला. शाल पिसाऱ्यावर बसेना, म्हणून ती दोघांनी धरून ठेवली. महाराजांनी श्रीफळ दिलं आणि 'मत्स्यरक्षक' हा किताब दिला. नीळकंठरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाच जीव आपण वाचवले, यावर तोवर त्यांचा स्वतःचाही विश्वास बसला होता.

महाराज खुशीत होते. त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या तापीबाईकडे गेलं. "लहान टाकी हिने आणली ना? काय गं, तू किती मासे वाचवलेस?"

तापीबाई खरं बोलणारी. "येकबी न्हाई, महाराज," ती म्हणाली.

दरबारात कुजबुज झाली.

"एकही नाही?"

"न्हाई, महाराज. त्यांच्यावर मरायची येळच आली न्हाई."

महाराजांना तिची कीव आली. राजा दयाळू होता. "असू दे," ते म्हणाले. "सगळ्यांनाच जमत नाही. मनाला लावून घेऊ नकोस." भाऊसाहेबांनी लहान टाकीपुढच्या रकान्यात लिहिलं, 'वाचवलेले मासे: शून्य.'

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण महाराजांची नजर मोठ्या टाकीवर गेली. पाच मासे एवढ्या मोठ्या टाकीत अगदीच थोडे वाटत होते.

"सात जागा रिकाम्या आहेत," महाराज म्हणाले. "लहान टाकीतले सात इकडे आणा. परवा. नीळकंठराव, तुम्हीच बघा. तुम्हाला आता अनुभव आहे."

"या वेळी अधिक भव्य करू, महाराज," नीळकंठराव म्हणाले. "दह्याऐवजी बासुंदी."

तापीबाई बोळात परत आली. तिने बारा माशांकडे बघितलं. विनंती करून काय होतं, ते तिने बघितलं होतं. खरं सांगून काय होतं, तेही आत्ताच बघितलं होतं. मग तिने पिशव्या काढल्या आणि विसळायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी गुहा जेवून आडवी झाली होती. तापीबाईने सात मासे काढले. कुठले सात, हे ठरवायला या वेळी तिला काहीच अडचण आली नाही. जगायला न्यायचे होते, जे आधी हाताशी आले ते घेतले. पिशव्या पानांत गुंडाळत होती तेवढ्यात राणीसाहेबांनी एक डोळा उघडला.

"कुठे नेतेस गं?"

"बाहीर, राणीसाहेब."

राणीसाहेबांनी पिशव्यांकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्यांनी जलपूजन पहिल्या रांगेत बसून पाहिलेलं होतं. "मी झोपलेय," त्या म्हणाल्या आणि कूस बदलली.

ओढ्याच्या वरच्या अंगाला, तापीबाईच्या घरट्यामागे, कातळात एक कुंड होतं. पाणी स्वच्छ, कडेला शेवाळ, वर उंबराची सावली. तिने पिशव्या तिथे तरंगत ठेवल्या. शिंपल्या-शिंपल्याने पाणी घातलं. काणोबाला जे मिळालं नव्हतं ते सगळं त्या सातांना सावकाश मिळालं. मग तिने अंगाला चिखल फासला, दोन पिसं स्वतःच्या चोचीने उपटली, आणि दरबारात जाऊन धाडकन अंग टाकलं.

"महाराज! घात झाला, महाराज! लहान टाकीत साथ आली! सात गेलं!"

महाराज उठून उभे राहिले. "आणि बाकीचे?"

"पाच वाचिवलं, महाराज. जिवाचं रान केलं, तवा पाच हाती लागलं."

"पाच!" महाराज म्हणाले. "एकटीने?"

"येकटीनं, महाराज."

"मेलेले मासे कुठे आहेत?" भाऊसाहेबांनी लेखणी काढत विचारलं. "पंचनाम्याला लागतील."

"पुरलं, भाऊसाहेब. बघवंना." आणि इथे तापीबाईला काणोबा आठवला आणि ती खरोखरच हुंदके देऊन रडली.

महाराज भाऊसाहेबांवर गुरगुरले. नीळकंठराव पुढे आले आणि त्यांनी स्वतःची शाल काढून तिच्या अंगावर घातली. त्यांना मनापासून आनंद झाला होता, कारण आता मिरवणूक नसली तरी सत्कार करायचा होता. महाराजांनी तिथल्या तिथे हुकूम सोडला. जिने एकटीने पाच मासे वाचवले, तिला विचारल्याशिवाय यापुढे कुणीही कुठल्याही टाकीत नखसुद्धा बुडवायचं नाही. मोठी टाकी तिच्याकडे, लहान टाकी तिच्याकडे. स्पंज धुवायचा की नाही, ते तिने ठरवायचं.

भाऊसाहेबांनी जुना शून्य खोडला आणि तिथे पाच लिहिले.

तेव्हापासून दर वर्षी उन्हाळा आला की तापीबाई आणखी तीन-चार मासे मेल्याचं रडत कळवते आणि उरलेले मोठ्या शर्थीने वाचवल्याचं सांगते. दर वर्षी तिचा सत्कार होतो. ती मेलेले मासे कुंडात नेऊन सोडते आणि त्यांची पिल्लं नवीन आणलेले मासे म्हणून टाक्यांत घालते. आज त्या जंगलात साठएक मासे आहेत. दप्तराप्रमाणे त्यांतले बहुतेक केव्हाच वारले. त्यांची प्रकृती उत्तम आहे.

तात्पर्य: एका टाकीतले मासे दुसऱ्या टाकीत नेताना एकही मरू देऊ नये. वर कळवताना मात्र चार-सहा तरी मारूनच कळवावेत, नाहीतर उरलेल्यांना कुणी जगू देत नाही.